जडसंग्रह: जुन्या चिपांचा छंद आणि इनामगावच्या कपच्या

शिरूरकर आणि दौंडकर दोघेही आज ऐकताहेत, त्यामुळे उदाहरणं दोन्ही तालुक्यांतली घेऊ. नाहीतर नंतर तक्रार येते.

विषय जाहीर झाल्यावर काहींना वाटलं की चिपा म्हणजे बटाट्याच्या. हा गैरसमज अगदीच बिनबुडाचा नाही. बटाट्याच्या चकत्यांना आपण मराठीत वेफर म्हणतो, आणि सिलिकॉनच्या ज्या पातळ गोल चकतीवर शेकडो चिपा एकदम घडवतात, तिलाही कारखान्यात वेफरच म्हणतात. खाऊवाला आणि कारखानदार एकाच शब्दावर येऊन भेटलेत, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

आज आपण जुन्या संगणकांतल्या चिपा जमवण्याच्या छंदाची समीक्षा करणार आहोत. छंदाची कुठं समीक्षा करतात का, असं कुणी विचारेल. करावी, असं आमचं मत आहे. नाटकाची, कादंबरीची समीक्षा आपण करतो, कारण कुणीतरी काहीतरी निवडलेलं असतं, काहीतरी गाळलेलं असतं आणि उरलेलं एका क्रमानं मांडलेलं असतं. संग्रहात दुसरं काय असतं? काय ठेवलं, काय फेकलं, कशाशेजारी काय ठेवलं, यात एक विधान असतंच. ते विधान बरोबर आहे की चूक, हे विचारायचा हक्क बघणाऱ्याला आहे.

आधी हा छंद आहे तरी कसा ते पाहू. जगात तो करणारे थोडे आहेत, पण पक्के आहेत. त्यांचा मुख्य डोळा मायक्रोप्रोसेसरवर, म्हणजे संगणकाचं गणित करणाऱ्या चिपेवर असतो. या पंथाचं आद्य दैवत म्हणजे इंटेलची ४००४. ही नोव्हेंबर १९७१ मध्ये बाजारात आली. जपानच्या बिझिकॉम कंपनीला कॅल्क्युलेटर बनवायचा होता, त्या कामातून ती जन्माला आली. तिच्यावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. सुरुवातीच्या चिपा पांढऱ्या सिरॅमिकच्या, सोनेरी झाकणाच्या. त्यांतल्या काहींच्या सिरॅमिकवर करड्या रेषा दिसतात, आणि अशी रेषावाली मिळाली तर संग्राहक कित्येकशे डॉलर मोजतात. रेषा दिसतात की नाही, यानं चिपेच्या कामात काडीचाही फरक पडत नाही.

त्यानंतर १९७५ ची ६५०२ येते. ही पंचवीस डॉलरला विकून बाकीच्या कंपन्यांची झोप उडवली गेली. मग १९७६ ची झेड-८०, आणि त्याच वर्षीची आपल्या फार ओळखीची ८०८५. इथं ऐकणाऱ्यांपैकी ज्यांनी डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलंय, त्यांच्या बोटांना ८०८५ आठवत असेल. पत्र्याच्या किंवा लाकडाच्या पेटीत बसवलेलं किट, कॅल्क्युलेटरसारखी बटणं, लाल अक्षरांचे सहा आकडे, त्यातले चार पत्त्याचे आणि दोन मजकुराचे. ३ई दाबायचं, पुढचा आकडा द्यायचा, आणि शेवटी ७६ म्हणजे थांब. महाराष्ट्रातल्या तंत्रनिकेतनांत कित्येक पिढ्यांना यंत्राशी बोलायचा पहिला धडा याच पेटीनं दिला. शिरूर-दौंडची जी मुलं शिकायला पुण्याला गेली, त्यांनाही.

संग्राहकाची वाचण्याची एक विद्या असते आणि ती खरोखर शिकण्यासारखी आहे. चिपेच्या माथ्यावर चार आकडे असतात. ८४३२ असं लिहिलं असेल, तर ती १९८४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातली. इंटेलच्या नावाआधी सी असेल तर सिरॅमिक, पी असेल तर प्लास्टिक. देशाचं नाव मलेशिया किंवा फिलिपिन्स असेल, तर घडली एकीकडे आणि कवचात बसली दुसरीकडे. इंटेलनं पिनांगला कारखाना १९७२ मध्येच काढला होता. शिवाय बनावट माल ओळखावा लागतो. जुन्या चिपेचा माथा घासून त्यावर महागड्या चिपेचं नाव छापणारे लोक आहेत, आणि खरवडलेल्या पृष्ठभागावर बोट फिरवून ते ओळखणारेही आहेत. आपल्या मोडी वाचकांना आणि नाणी जमवणाऱ्यांना हे सगळं फार परकं वाटू नये.

श्रेयाचा वाटा आधी देऊन टाकू. या छंदानं चिपा वाचवल्या. जुन्या सिरॅमिक चिपांत सोनं असतं, थोडं, पण असतं. १९९५ च्या पेंटियम प्रोसारख्या चिपा भंगारात किलोवर विकल्या जातात, तेजाबात टाकल्या जातात, आणि शेवटी हातात सोन्याची एवढीशी गुंजभर गोळी आणि नाकात विषारी वाफ उरते. संग्राहक भंगारवाल्याला सोन्यापेक्षा दोन पैसे जास्त देतो, म्हणून ती वस्तू मुशीत जात नाही. कौतुक करावं असंच काम आहे हे. वॉल्टर बेंजामिन नावाच्या जर्मन विचारवंतानं १९३१ मध्ये आपल्या पुस्तकांच्या पेट्या उघडण्यावर एक सुंदर निबंध लिहिला आहे. संग्राहक वस्तूला उपयोगाच्या वेठबिगारीतून सोडवतो, असा विचार त्यानं मांडलेला आहे. चिपेच्या बाबतीत तर ही सुटका तेजाबापासूनही आहे.

आता तक्रारीकडे वळू.

हे संग्राहक चिप सोल्डर वितळवून बोर्डावरून उपटतात, पाय सरळ करतात, साफ करतात, काळ्या फोममध्ये टोचतात आणि काचेच्या चौकटीत लावतात. प्रत्येक प्रकारची एक. खाली छोटी पट्टी, नाव, साल, ट्रान्झिस्टर किती. भिंतीवर सुरेख दिसतं. प्रश्न असा आहे की या चौकटीत नक्की काय जमलेलं आहे?

इथं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाची खोड आम्हाला आवरत नाही, सांभाळून घ्या. लाइब्निट्सनं एक किस्सा सांगितला आहे. हॅनोव्हरजवळच्या राजबागेत राजघराण्यातल्या सोफीबाईंच्या समोर एका गृहस्थानं म्हटलं की हुबेहूब सारखी दोन पानं आपण शोधून दाखवतो. बागभर हिंडला, सापडली नाहीत. निसर्गात दोन वस्तू पूर्णपणे एकसारख्या नसतात, असं लाइब्निट्सला म्हणायचं होतं. आपल्याकडे वैशेषिकांना उलट बाजूनं हाच प्रश्न पडला. दोन परमाणू सर्वार्थानं सारखेच असतील, तर ते दोन आहेत हे कशावरून? त्यासाठी त्यांनी विशेष नावाचा पदार्थ मानला आणि दर्शनाला नावही त्यावरून पडलं. पण एक गंमत विद्यार्थी बऱ्याचदा विसरतात. हा विशेष त्यांनी नित्य द्रव्यांसाठी राखून ठेवला होता. एक घडा दुसऱ्या घड्याहून वेगळा ओळखायला विशेषाची गरज नाही. त्यांचे अवयव वेगळे, घडण वेगळी, तेवढं पुरतं.

चिप ही लाइब्निट्सच्या पानासारखी नाही आणि परमाणूही नाही. कारखान्याचा सगळा खटाटोपच असा असतो की एकाच आठवड्यातल्या दोन ८०८५ मध्ये तुम्हा-आम्हाला काही फरक दिसू नये. मग तो फरक येतो कुठून? चरित्रातून. एक वीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांच्या चुका सोसत बसली. दुसरी एखाद्या यंत्रात मोजमाप करत राहिली. तिसरी कुणी वापरलीच नाही, प्लास्टिकच्या नळीत पडून राहिली. आता बाजारात सगळ्यात जास्त भाव कुणाला? तिसरीला. न वापरलेली, पाय न वाकलेली, सोल्डर न लागलेली. म्हणजे जिला चरित्रच नाही तिला. संग्राहक जास्तीचे पैसे मोजतो ते इतिहास नसल्याबद्दल, आणि वर आपल्या छंदाला इतिहासाचं जतन म्हणतो. हे विसंगत आहे, आणि आमच्या टीकेची सगळी धार इथंच आहे.

याला उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. घोडनदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथं खोदाई केली. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांचं गाव होतं ते, सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं. शंभराहून जास्त घरांचे अवशेष मिळाले, धान्याची कोठारं मिळाली, पाण्याचा पाट आणि बांध मिळाला, घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली मुलं मिळाली. मोठ्या माणसांना पुरताना पाय घोट्याखाली तोडलेले, हेही तिथलंच. ही घोडनदी पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडवरून जाते, तेव्हा दौंडकरांनीही हे गाव आपलंच समजायला हरकत नाही.

त्या लोकांपाशी तांबं थोडं होतं. रोजचं कापणं-सोलणं ते गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या पात्यांनी करत. कॅल्सेडनी म्हणतात तो दगड, आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार होतो. त्याचा गाभा घ्यायचा, कड नीट साधायची आणि दाब देऊन एकसारखी, दोन्ही कडा समांतर असलेली पाती एकामागून एक उतरवायची. कौशल्याचं काम. आणि हा दगड म्हणजे काय? सिलिका. सिलिकॉन आणि ऑक्सिजन. इंग्रजीत चिप या शब्दाचा मूळ अर्थही कपची, ढलपी असाच आहे. सिलिकाची कपची काढून तिच्यावर जगणारी माणसं घोडनदीकाठी तीन हजार वर्षांपूर्वी होती. या योगायोगावर फार मोठे मनोरे बांधू नयेत, पण आठवण म्हणून तो छान आहे.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पुरातत्त्वज्ञाला एखादं सुबक पातं पांढरीच्या टेकाडावर मोकळं सापडलं, तर तो त्याला फारसं विचारत नाही. ते कुठल्या थरात होतं, कुठल्या घरात होतं, चुलीजवळ की अंगणात, शेजारी कोणती हाडं, कोणतं धान्य, हे कळलं तर पातं बोलतं. पाती घडवताना उडालेल्या टाकाऊ कपच्यासुद्धा तो मोजतो, कारण कपच्यांचा ढीग दिसला की तिथं बसून कुणी काम करत होतं हे कळतं. पात्यांत जे सगळ्यात देखणं असेल तेवढं उचलून नेणाऱ्याला त्या शास्त्रात चांगलं नाव नाही. बोर्डावरून चिप उपटून चौकटीत लावणारा माणूस नकळत तेच करतो आहे. थर विस्कटतो आणि पातं घरी नेतो.

हे कुणाला रूपक वाटत असेल, तर इप्रॉमचं उदाहरण घ्या. ही स्मृतीची चिप, १९७१ मध्येच इंटेलमध्ये डोव्ह फ्रोहमान यांनी शोधलेली. तिच्या पाठीवर एक छोटी गोल खिडकी असते, क्वार्ट्झची, कारण साधी काच अतिनील प्रकाश अडवते. पुन्हा सिलिकाच बघा. आतला कार्यक्रम पुसायचा असेल तर या खिडकीतून अतिनील प्रकाश सोडायचा, पंधरावीस मिनिटांत पाटी कोरी, मग नवा मजकूर लिहायचा. नको तेव्हा पुसू नये म्हणून खिडकीवर कागदाचा स्टिकर लावतात. त्या स्टिकरवर कुणाच्या तरी अक्षरात तारीख असते, आवृत्तीचा क्रमांक असतो, कधी यंत्राचं नाव.

संग्राहकाला ही चिप फार आवडते, कारण खिडकीतून आतली नक्षी दिसते, उन्हात तर मोरपिसासारखे रंग दिसतात. म्हणून तो काय करतो? स्टिकर सोलून काढतो. चिकट डाग स्पिरिटनं पुसतो. फोटो काढतो आणि भिंतीवर लावतो. उत्पादकांनीच माहितीपत्रकात छापून ठेवलं होतं की थेट उन्हात साधारण आठवड्याभरात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात साधारण तीन वर्षांत अशी चिप पुसली जाऊ शकते. म्हणजे वस्तू जपण्याच्या कृतीनंच वस्तू कोरी होते. बाहेरून काहीही बदललेलं दिसत नाही, उलट ती जास्त देखणी झालेली असते. आत जे कुणी लिहिलं होतं, ते गेलं.

आणि कुणी लिहिलं होतं? इथं आपला, म्हणजे मराठी मुलखाचा संबंध येतो. ४००४ आपण बनवली नाही, ८०८५ आपण बनवली नाही. चिप तिकडची होती. पण इप्रॉममधला मजकूर इकडचा होता. ऐंशी-नव्वदच्या दशकांत पुणे-पिंपरी-भोसरीच्या छोट्या छोट्या शेडमध्ये लोकांनी वजनकाटे, तापमानाचे नियंत्रक, दुधातली स्निग्धता मोजायची यंत्रं बनवली, त्यांत चिपा बाहेरच्या आणि डोकं इथलं. भारतीय संगणकाचा जो इतिहास छापला जातो तो मोठ्या यंत्रांचा. टाटा इन्स्टिट्यूटमधला टिफ्रॅक, किंवा पुण्याच्या सी-डॅकचा १९९१ चा परम ८०००, जो इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपांवर उभा होता. तो इतिहास हवाच. पण दूध डेअरीतल्या यंत्राच्या इप्रॉममध्ये जे लिहिलं होतं, त्याची प्रत बहुधा दुसरीकडे कुठं नाही. ते चौकटीत लावण्याच्या लायकीचं कुणाला वाटत नाही, कारण ती चिप जगात लाखांनी आहे. चिप लाखांनी आहे हो, पण तो मजकूर एकच आहे.

ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. काट्यावर गाडी चढली की त्याचं लक्ष आकड्यावर असतं, आणि काटा मारण्याचा संशय आपल्या ग्रामीण जीवनात किती जुना आणि किती खोल आहे हे इथं कुणाला सांगायला नको. पूर्वी संशय दांडीवर आणि मापांवर होता, पुढे आकडे दाखवणारा डबा आला तसा तो डब्यात शिरला. अशा डब्यात ८०५१ जातीची चिप आणि शेजारी इप्रॉम असे. शंभर वर्षांनी कुणाला सहकाराचा, उसाचा, या संशयाचा इतिहास लिहायचा असेल, तर त्याला तो डबा मोहोरबंद सिलासकट हवा, आतला बोर्ड हवा, इप्रॉम न पुसलेली हवी. त्याला पांढऱ्या सिरॅमिकची ४००४ काय कामाची?

दौंडकरांना रेल्वेचं उदाहरण जवळचं वाटेल. एकेरी मार्गावर गाडीला पुढच्या स्टेशनापर्यंत जायची परवानगी म्हणून धातूचा गोळा देत, नील्स टोकन म्हणतात त्याला. त्यावर मार्गखंडाची खूण कोरलेली असते. तो गोळा कुणी घासूनपुसून, खूण बुजवून, चकचकीत करून दिवाणखान्यात ठेवला, तर दौंडच्या कुठल्याही जुन्या स्टेशनमास्तरला हसू येईल. त्या खुणेमुळे तर तो टोकन आहे. नाहीतर मुलांच्या खेळातला गोळा.

संग्राहकांची बाजूही ऐकू, कारण ती पोकळ नाही. ते म्हणतात, अख्खे बोर्ड ठेवायला जागा कुठं आहे? दोन खोल्यांच्या घरात मदरबोर्डांची रास लावली तर घरचे बाहेर काढतील. मान्य. ते असंही म्हणतात की बोर्डावर जुनी बॅटरी असते, ती फुटून पाझरते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते, म्हणून चिप सोडवलेली बरी. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पण मग बॅटरी काढा की. ती काढायला पाच मिनिटं लागतात, आणि बोर्ड उरतो. दुखऱ्या दातासाठी कुणी जबडा काढत नाही. तिसरं म्हणणं जास्त विचार करण्यासारखं आहे. हा छंद आहे, हौस आहे, आम्ही वस्तुसंग्रहालय नाही, आमच्यावर इतिहासाचं ओझं का टाकता? खरंय, कुणावर सक्ती नाही. तिकिटं जमवणाऱ्याला कुणी टपालखात्याचा इतिहास मागत नाही. पण तिकीट गोळा करणाऱ्याच्या कपाटाबाहेर तिकिटांचे ढीग शिल्लक असतात. इथं संग्राहक हा बऱ्याचदा शेवटचा माणूस असतो. त्याच्यानंतर मूस.

या संदर्भात पुण्याच्या दिनकर केळकरांची आठवण येते. राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. सुमारे १९२० पासून त्यांनी जमवायला सुरुवात केली, गावोगाव हिंडले, पत्नी कमलाबाईंची साथ होती, आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रह उभा केला. पुढे तो राज्य सरकारच्या हवाली केला. अडकित्ते, दिवे, दौती, वज्री, कुलपं, मस्तानीचा महाल. त्या काळात लोक राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवत होते आणि केळकर आडगावच्या सुपारीच्या अडकित्त्यापुढे थबकत होते. स्वतः कविता अज्ञातवासी या नावानं लिहीत, आणि जमवल्या त्या अज्ञात कारागिरांच्या वस्तू. आज कुणी त्यांच्या दृष्टीनं चिपांकडे पाहिलं, तर तो ४००४ च्या मागे लागणार नाही, ८०८५ च्या मुलांनी रगडलेल्या किटपुढे थबकेल. तेही आपल्या घरातला अडकित्ताच आहे. मात्र केळकरांनाही आज जे विचारावंसं वाटतं ते आपण विचारू: हा दिवा कुणाच्या घरात, कुठल्या कोनाड्यात होता? अशा संग्रहांत वस्तू बोलते तेवढी पाटी बोलत नाही. त्या पिढीला ती सवय नव्हती. आपल्याला ती नसण्याचं कारण नाही.

कारागिराची खूण म्हणाल तर ४००४ वरही आहे. फेडेरिको फॅजिन यांनी तिच्या नक्षीतच आपली आद्याक्षरं कोरून ठेवली. सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. कुंभार मडक्याच्या बुडाशी अंगठा उमटवतो तसं.

भारतीय चिप असा काही प्रकार आहे का, असं विचारलं जातं. आहे, आणि संग्राहकांनी तिकडे लक्ष द्यायला हवं. मोहालीला सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स होतं, १९८४ च्या सुमारास उत्पादन सुरू झालं, ६५०२ च्या कुळातल्या चिपा तिथं बनल्या, आणि १९८९ मध्ये मोठी आग लागून ते सगळं बसलं. शाळांसाठी १९८४ मध्ये क्लास नावाचा प्रकल्प सुरू झाला, बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक त्यात आले, आणि त्यांचंही काळीज ६५०२ चंच होतं. १९८६ मध्ये डेसिबेल्सनं स्पेक्ट्रम इथं आणला, तो झेड-८० वर चाले. आणि आम्हाला ज्याबद्दल सगळ्यात जास्त आपुलकी आहे ते जिस्ट कार्ड. मोहन तांबे यांच्या पुढाकारानं कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं हे काम पुढे पुण्याला सी-डॅकमध्ये आलं. साध्या संगणकाच्या खाचेत हे कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटे. पाकीट किंवा विंडोजचं नावही अनेकांनी ऐकलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. मराठीत चिपांचा एकच संग्रह करायचा झाला, तर मध्यभागी हे कार्ड ठेवावं, आणि ते अख्खं ठेवावं. त्यातली देखणी चिप काढून घेतलेलं कार्ड म्हणजे जीभ कापलेलं तोंड.

आता शिरूर-दौंडला करण्यासारखं काय आहे, एवढं सांगून थांबू. आपल्या शाळा-कॉलेजांत एक नोंदवही असते, जडसंग्रह नोंदवही. डेडस्टॉक म्हणतात कार्यालयात. किती सुंदर मराठी शब्द आहे बघा, जड वस्तूंचा संग्रह. म्हणजे प्रत्येक शाळा आधीच संग्राहक आहे, फक्त तिला ते ठाऊक नाही. त्या वहीत खरेदीची तारीख असते, बिलाचा क्रमांक, किंमत, पुरवठादाराचं नाव, नगांची संख्या. पुरातत्त्वज्ञ ज्याला थर म्हणतो तो इथं शाईनं लिहून ठेवलेला आहे. अडचण निर्लेखनाच्या दिवशी होते. समिती बसते, वस्तू निकामी ठरते, लाल शाईनं रेघ मारली जाते, वस्तू एका टेम्पोत जाते आणि वही दुसऱ्या कपाटात. दोघांची ताटातूट झाली की दोन्ही मुकी. २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, असा माल नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रक यांच्याकडेच द्यायचा असतो. ते योग्यच आहे, तेजाबाच्या बादल्या कुणालाच नकोत. पण देण्याआधी प्रत्येक प्रकारचा एक नग, अख्खा, किटसकट, वायरसकट, बाजूला ठेवायला आणि त्याच्यावर नोंदवहीच्या त्या पानाची झेरॉक्स चिकटवायला फार तर एक दुपार लागेल. त्यावर मुलांनी कोरलेली नावं असतील तर ती पुसू नका. ज्यांनी शिकवलं ते प्रयोगशाळा सहायक अजून गावात असतील, त्यांना बोलवा, मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा. किट कुठल्या प्रयोगाला अडायचं हे त्यांनाच माहीत असतं.

आणि ज्यांना इप्रॉम सापडतील त्यांनी स्टिकर सोलायचा नाही. वर काळी चिकटपट्टी लावा. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या एखाद्या मुलाकडे वाचणारं यंत्र असतं, आता ते फार महाग राहिलेलं नाही. त्याच्याकडून आतला मजकूर उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा, आणि चिप परत होती तिथं, त्याच खोबणीत बसवा.

रांजणगावला फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनतात, प्रत्येकात एक चिप असते. २०२२ मध्ये तिथल्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक्स निर्मितीच्या नव्या समूहाला केंद्रानं मान्यता दिली आहे. अष्टविनायकाला जाताना त्या कारखान्यांच्या कुंपणावरून आपण जातोच. तिथं कामाला लागलेल्या शिरूरच्या पोरांनी पहिल्या दिवशी हाताळलेला बोर्ड कोण ठेवणार आहे, आणि त्यावर काय लिहून ठेवणार आहे, हा प्रश्न त्यांच्याच घरच्यांनी विचारायचा आहे. इनामगावचं उत्खनन करायला डेक्कन कॉलेजला तीन हजार वर्षं थांबावं लागलं. इथं माणसं अजून समोर आहेत.

बरं, प्रश्न घेऊ. दौंडहून एक आधीच आलेला आहे, की वडिलांच्या पेटीत खिडकीवाल्या सात चिपा निघाल्यात, त्यांचं काय करावं. पेटी आधी सावलीत न्या, आणि वडिलांचं नोकरीचं ठिकाण कागदावर लिहून आत टाका. बाकीचं सावकाश.